सहावं घर

धसईच्या सकुबाईला रंगमंच लाभला नाही, याची हळहळ मला आजही वाटते. आयुष्यभर तोंडाला रंग फासला, पण तिच्या त्या प्रवेशाच्या तोडीचा प्रवेश मी पाहिला नाही.

साल एकोणीसशे अडतीस. पावसाळ्यात आमची नाटक मंडळी बंद असे, तेव्हा मी धसईला बहिणीकडे येई. शेजारीच सकुबाई. विधवा, दोन खाचरांची मालकीण, बोलायला फटकळ. त्या आषाढात तिच्या ओटीवर मुंबईच्या कॉलेजात शिकवणारे दिघे उतरले होते. गावाची पाहणी करायची, म्हणजे दर सहाव्या घरी जाऊन विचारायचं: खाणारी तोंडं किती, घरचा तांदूळ किती महिने पुरतो.

गाव बिथरलं. भाताची चौकशी म्हणजे शेतसारा वाढणार! आणि सगळ्यांना सोडून आम्हालाच का विचारलं? बोट दाखवणारं कोणीतरी असणार. दिघे जेवत सकुबाईकडे, आणि तिच्या घरी मात्र एकही प्रश्न नाही! खरं सांगतो, मलाही तिचा संशय आला.

लावणीला एकमेकांच्या शेतावर जायची रीत. सकुबाई सगळ्यांकडे राबून आली होती. तिची पाळी आली तेव्हा बांधावर एकही माणूस नाही. रोप पिवळं पडू लागलं. आणखी चार दिवसांनी वर्षाचं भात गेलंच असतं.

ती थेट चुलतदिराच्या अंगणात गेली.

"राघोभावजी, माझ्या लावणीला का नाय आलात?"

"तुझ्या पाव्हण्याला उतरव की चिखलात, वयनी! आमची घरं दाखवतेस नि वर विचारतेस?"

ती तशीच माघारी वळली. दिघ्यांना कागदांसकट पाहणी जिथून सुरू झाली त्या मारुतीच्या देवळापाशी बोलावलं. गाव जमलं. मूठभर चिंचोके घेऊन म्हणाली, "मी मोजते. तुमी बघा."

दर दारात एक चिंचोका टाकत ती निघाली. सहावा पडला गीताबाईकडे. कागदावर गीताबाईच होती. पुन्हा सहा, धर्माचं घर. तेही बरोबर. तिसऱ्या खेपेला चौथा चिंचोका तिच्या स्वतःच्या दारात पडला, पाचवा माझ्या बहिणीच्या. सहावा पाटलांच्या बंद दारात.

"कागदावर कोण?"

दिघ्यांचा चेहरा उतरला. "राघो."

राघोचं घर त्याच्या पुढचं, म्हणजे सातवं!

"बघा! मी सांगत नव्हतो?" राघो उसळला.

सकुबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मास्तर, पाटलांचं घर का टाकलंत? मी सांगितलं व्हतं?"

"नाही हो. तीनदा गेलो. दार उघडलं नाही, वर कुत्रं अंगावर आलं. राघोंचं दार उघडं दिसलं, तिथे शिरलो. चुकलंच माझं. यांचा तांदूळ सात महिने पुरतो, पाटलांचा वर्षभर पुरत असणार. एकाच्या जागी दुसरा घेतला, की गावाचा हिशेब खोटा पडतो."

"म्हणजे कुत्र्यानं दाखवलं रे तुझं घर, राघो!" धर्मा ओरडला, आणि गाव खदखदून हसलं.

राघोने मान खाजवली. "सकाळी रोप काढून ठेव, वयनी."

"तुमीच या काढायला."

दुसऱ्या दिवशी वीस माणसं तिच्या चिखलात उतरली. मीही उतरलो. दुपारपर्यंत एक खाचर हिरवं झालं. तेवढ्यात राघो कंबर सरळ करून म्हणाला, "पण वयनी, सहाच का? पाच का नाय? त्यात काय तरी असंल."

सकुबाईने त्याच्या हातात रोपाची जुडी कोंबली. "आधी हे लावा. मग पाचाचं बघू."