आईच्या परसात दादाची खोली

नव्वदच्या दशकातला एक रविवार. उज्जैनला माधव नगरच्या आमच्या घरामागे बाबा फीत घेऊन मापं काढत होते... दादा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला होता. त्याला इथे स्वतंत्र खोली मिळाली की तो परत येईल, असा बाबांचा सिद्धांत.

जागा एकच होती, आईचं परस. आई जाऊन वर्ष झालं होतं. देवाच्या फुलांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून वीस वर्षं ती निर्माल्य तिथेच पुरत आली, वर पालापाचोळा आणि शेण. जास्वंद इतकी फोफावली होती, की अख्ख्या गल्लीतले देव आमच्या जिवावर जगत!

शेजारच्या इंजिनिअर साहेबांनी खड्डा खणून मूठभर माती दाबून पाहिली. मूठ उघडताच ती स्पंजासारखी फुगली.

"मास्टरजी, ये मिट्टी नहीं, खाद है. पत्ते अंदर सड़ते रहेंगे, बारिश का पानी पीती रहेगी, और आपका फर्श धंसता जाएगा. पूरी निकलवाओ, मुरम भरवाओ."

फरशी खचू नये, तर आईची सगळी माती उपसायची! बाबांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो शास्त्रीबुवा, कुजलेलं निर्माल्य हे निर्माल्यच, की माती?"

मी नुकताच संस्कृत घेऊन एम.ए. झालो होतो, त्यामुळे शंका कशी ती येत नसे. "माती," म्हणालो.

मातीच्या दोन ट्रॉल्या भरून गेल्या. दुसरीच्या मागे बाबा नाक्यापर्यंत चालत गेले... अनवाणी.

दिवाळीत दादा आला. बॅग हातातच, तसाच मागच्या दाराशी गेला आणि थबकला.

"आईची जास्वंद कुठंय? इथे येऊन त्या झाडांत बसायचं, एवढ्यासाठी तर सुट्टीची वाट बघतो मी, बाबा..."

बाबा नव्या खोलीच्या फरशीवर टाच आपटून म्हणाले, "बघ, जरासुद्धा खचली नाहीये."

आजही खचलेली नाही. दादा पुण्याचाच झाला, बाबाही गेले... पावसाळ्यात मी कधी कधी त्या खोलीत उगाच चपला काढून फिरतो. एवढं उपसलं, तरी आईचं थोडंफार खाली राहिलंच असेल ना?

एखादी फरशी तरी खचायला हवी होती.