न मारणारा पिंजरा

हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. उभा जन्म एका घरात काढला, पण तोंडातून शब्द निघाला नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मधेच अडलो तर अडू द्या.

लालबागच्या आमच्या चाळीत उंदीर फार. सापडला की पिंजरा नळाजवळच्या पिंपात बुडवायचा, ही सगळ्यांची रीत. मीही बुडवलेत. त्यात काय एवढं?

शेजारच्या खोलीत भागाजीदादा राहायचे, गिरणीत कामाला. ते बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, यापुढं आपल्या हातून जीव जाणार नाही. घरात उंदीर धान्य कुरतडताहेत — आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसून पिंजरा घडवतोय! गिरणीतल्या टाकाऊ तारा, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. पहिल्या पिंजऱ्याच्या झडपेत एका उंदराची शेपटी तुटली, तर दादा दिवसभर जेवले नाहीत. मग नवा केला. झडपेच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, आत कापूस ठेवला. मी हसलो, "दादा, गादी-उशी पण द्या की!"

"हस रे. घाबरलेलं असतं ते."

मी शिवडीला गोदामात कामाला. म्हणून मीच पुढं झालो — द्या इकडं, खाडीकडच्या झुडपांत सोडतो, वाटेवरच तर आहे.

पहिल्याच खेपेला नाक्यावर पोलीस. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मोर्चा अडवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या उलट्या करून बघत होते. माझ्या काखेत कापडात गुंडाळलेलं खोकं, आत खुडबुड चाललेली. काय सांगणार — उंदीर आहे साहेब, हवापालटाला नेतोय? गल्लीत वळलो. तिथं बैलांना पाणी पाजायचा हौद होता. झडप तिथंच उघडता आली नसती का? आली असती. पण हाताला सवय एकच. पिंजरा पाण्यात दाबून धरला. आतली धडपड बोटांना कळत होती. मग ती थांबली.

संध्याकाळी दादा दारातच उभे. "सोडलास?"

"सोडला की! असा पळाला, बघत राहिलो."

काय खुलला हो त्यांचा चेहरा! तेव्हाच खरं बोललो असतो, तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, बस्स.

बरं, दुसऱ्या खेपेला पोलीस नव्हते. तिसऱ्या खेपेलाही नव्हते. तरी मी हौदावरच गेलो. चिखल तुडवायचा कंटाळा — एवढंच. याहून मोठं कारण खूप शोधलं, सापडत नाही. दादांची बायको, वहिनी, मला भाकरी-चटणी बांधून द्यायच्या. "आमच्यापायी किती चालतोस रे बाबा." पिंजऱ्यातलं पाणी निथळेपर्यंत मी ती भाकरी हौदाच्या कट्ट्यावर बसून खायचो.

एकदा पिंजऱ्यातच मादी व्याली. दादांनी पिल्लांखाली आणखी कापूस सरकवला. म्हणाले, "हिला हळू ने." हळूच नेली. हौदापर्यंत.

वर्षभरानं एका रविवारी दादा म्हणाले, मी पण येतो. खाडीवर त्यांनी विचारलं, "कुठं सोडतोस?" मी दिसेल त्या झुडपाकडं बोट केलं. त्यांनी झडप उचलली. उंदीर जरा थबकला आणि सुळकन गेला. दादा चिखलातच हात जोडून उभे राहिले.

"वसंता, दीक्षा घेतल्यापासून माझ्यामुळं एक जीव गेला नाही बघ. निम्मं पुण्य तुझं."

मी म्हणालो, "असू द्या हो दादा."

पुढं ते गेले, तेव्हा शोकसभेत कुणीतरी हीच गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेत बसून मी मान डोलावली. लाज वाटली का? वाटली. पण मान डोलावलीच.

आणि खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. त्या रविवारी मी उंदीर जिवंत सुटताना पाहिला, दादांचे जोडलेले हात पाहिले. येताना ते माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होते. सोमवारी सकाळी पिंजऱ्यात नवा उंदीर होता. रस्ता मोकळा होता, वेळही हाताशी होता.

मी तो बुडवला.