एका मिनिटात प्राणी

करोना गेला, पण जाताना माझ्या डोक्यातलं सामान इकडचं तिकडे करून गेला. तेवीस वर्षं मी हजेरीपत्रक न उघडता हजेरी घेतली. आता समोर बसलेल्या पोराचं नाव आठवेना. मुख्याध्यापक म्हणाले, थोडा आराम करा. असल्या आरामाचा अर्थ मला कळतो. मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला.

इकडे आमच्या ह्यांनी मोबाइलवर संशोधन सुरू केलं. ब्राह्मी झाली, अक्रोड झाले, डाव्या हाताने दात घासून झाले. अक्रोड भिजत घालायला हेच विसरायचे, पण त्यांना कोण तपासणार? शेवटी ह्यांनीच बातमी आणली, की करोनानंतर विसराळू झालेल्यांना कुठला उपाय लागू पडतो ते शोधायला पुण्याचे डॉक्टर रत्नागिरीत आलेत. झालं, दोन महिने मी त्यांच्या कॉम्प्युटरवर चौकोन जुळवले. गुण आला तर अर्ज फाडायचा, नाहीतर देऊन मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं.

शेवटच्या तपासणीला पुण्याची एक तरुण मुलगी होती. तिने पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग म्हणाली, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. गाय, म्हैस, कुत्रा... नि गाडी अडली. तेवढ्यात मासळीबाजार डोळ्यांपुढे आला आणि मी सुटलेच. बांगडा, सुरमई, मुडदुशी, सौंदाळा, मांदेली, कर्ली, रेणवी, शेंगटी! मुलीचं पेन थांबलं. हे सगळे खरंच प्राणी का, तिने विचारलं. जिच्या घरात कधी अंडंही शिजलं नसेल अशी पोर, तिचा काय दोष? पण माझा पारा चढला. उरलेलं मिनिट मी मुडदुशी कशी दिसते आणि रव्यात घोळवून कशी तळतात ते शिकवण्यात घालवलं. ती मुकाट्याने लिहून घेत होती. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

मग तिने मघाचे पाच शब्द विचारले.

एक आठवला. पुढे काही नाही. पर्स मांडीवर होती, ती मी घट्ट धरली. लाजेने मान वर होईना.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या माशांतले मलाही दोनच सांगता येतील. बाकीचे कागदावर बघून."

मला हसू नि रडू एकदमच आलं.

गुण आला की नाही, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. सोमवारी वर्गात मी हजेरीपत्रक उघडलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं.