नुसतं बोला, ओतू नका

"अहो, तुम्ही नुसतं बोला. ओतू नका."

शुभाताई हे माझ्या कानाशी बोलल्या. मराठीत. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. कॅनडात, सस्काटूनच्या युनिटेरियन चर्चमध्ये, भर सभेत. मागच्या बाकावरच्या गोऱ्या आजींना वाटलं, दोघी गाववाल्या माहेरच्या आठवणी काढतायत. त्यांनी कौतुकानं मान डोलावली.

आमचं हे चर्च म्हणजे मजेशीर प्रकार. देव मानणारे, न मानणारे, बुद्ध मानणारी मी, सगळे एकाच बाकावर. म्हणून तर मी आठ वर्षं जातेय. सप्टेंबरात सुट्ट्या संपल्या की पाण्याची सभा असते. ज्यानं त्यानं आपल्या जिवाभावाच्या ठिकाणचं पाणी आणायचं, माइकवर दोन वाक्यं बोलायची आणि काचेच्या मोठ्या वाडग्यात ओतायचं. सगळ्यांचं एक झालेलं ते पाणी उकळून, गाळून ठेवतात. वर्षभर बाळांची नावं ठेवताना त्यातलेच थेंब कपाळाला लावतात.

पुढच्या रविवारी शुभाताईंच्या नातीचं नाव ठेवायचं होतं.

मी लोणच्याच्या बरणीत माहेरच्या वस्तीतल्या नळाचं पाणी आणलं होतं. बॅगेत साड्यांत गुंडाळून. माझ्या आईनं अर्धं आयुष्य वरून ओतलेलं पाणी घेतलं. ओतणाऱ्याचा हात उंच, आईची कळशी खाली. ओतणारा हात तिचा कधीच नव्हता.

शुभाताईंना माझी जात कशी कळली, ते ऐका. आडनावावरून अंदाज लागेना. मग चर्चच्या मागच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, माझी वांग्याची भाजी वाढून घेता घेता त्यांनी विचारलं, "गावात नेमकं कुठे हो तुमचं घर?"

मी म्हटलं, "गावात कुठलं, गावाबाहेर."

अशी उत्तरं द्यायला मला फार आवडतं. त्यांनी ताट तिथंच ठेवलं आणि वॉशरूमला गेल्या. परत आल्या त्या दुसऱ्या टेबलावर.

तर आता कानाशी हे. मी विचारलं, "ओतलं तर काय होईल?"

"माझं काही नाही हो. पण सासूबाई आल्यायत पुण्याहून. बाळाच्या कपाळाला लागणार ते. समजून घ्या ना. आपल्या-आपल्यात."

आपल्या-आपल्यात. अपमान माझा, आणि तो झाकून ठेवायची जबाबदारीही माझीच.

माझी पाळी आली. हातात माइक आला की माझ्या अंगात येतं. दरवर्षी मी हसवते, म्हणून मी उभी राहताच निम्मी सभा आधीच हसायला लागली. मी इंग्रजीत म्हटलं, "आत्ता माझी मैत्रीण माझ्या कानात काय म्हणाली, त्याचं भाषांतर करते." लोक आणखी हसले.

मग मी केलं. शब्दाला शब्द. आणि त्या शब्दांमागचं कारणही सांगितलं.

हसू एकेका बाकावरून विझत गेलं. शुभाताई स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या. मी झाकण उघडलं. सगळं पाणी ओतलं. बरणी उपडी धरून झटकली.

कॉफीच्या वेळी पास्टरबाई हळूच म्हणाल्या, "हे खासगीत बोलता आलं असतं."

पुढच्या रविवारी बाळाच्या कपाळाला दुकानातल्या बाटलीचं पाणी लागलं. बाळाची त्वचा नाजूक आहे, असं सांगण्यात आलं. सगळ्यांना पटलं. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. मी एकटी बघत बसले.

आता चर्चच्या समितीचं पत्र आलंय. शुभाताईंचं मन दुखावलंय. दोघींनी एका खोलीत बसून समेट करावा.

मी उत्तर दिलंय. बसते. पण बंद खोलीत नाही, आणि मराठीत नाही. ते 'ओतू नका'चं वाक्य शुभाताईंनी भर सभेत, माइकवर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. मग समेटाचं बघू. तोवर माफी मागणार नाही, चर्चही सोडणार नाही. माझ्या कानात कुणी काही बोललं, तर ते मी मोठ्यानं बोलणार.