भर सकाळी विहिरीतून दिसलेले तीन तारे

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं झाली. भूत, चकवा, करणी — यातलं काही मी मानत नव्हते आणि हा अनुभव आल्यावरही मानत नाही. त्यामुळे "मॅडम, आता तरी पटलं ना?" अशी कमेंट टाकायला टपलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, डोणगावजवळ. माझ्या वडिलांनी उभं आयुष्य विहिरी खोदल्या. स्वतः शाळेत गेले नाहीत, मला मात्र बी.एस्सी. केलं. लहानपणी ते सांगायचे, "खोल हिरीतून दिवसाबी तारे दिसतात." तेव्हा मला खरं वाटायचं.

गेल्या विज्ञान दिनाला मीच त्यांना शाळेत बोलावलं, पाण्याविषयी बोलायला. मुलं अगदी गुंग होऊन ऐकत होती. बोलता बोलता बाबांनी ताऱ्यांचं सांगितलं... आणि मी उठून माईक हातात घेतला.

"मुलांनो, हे खरं नाही. तारे दिवसाही आकाशात असतातच. पण हवा सूर्याचा प्रकाश चहूकडे विखुरते, सगळं आकाश उजळतं आणि त्या उजेडात तारे हरवतात. विहिरीत उतरलं तरी वरचं आकाश तेवढंच उजळ असतं. अंधार पडला की मगच तारे दिसतात."

टाळ्या पडल्या. बाबा खुर्चीवरून उठले आणि फाटकाबाहेर चालते झाले. त्यानंतर तीन महिने ना माझ्या घरी आले, ना माझा फोन उचलला.

मे महिन्यात मीच गेले. म्हटलं, "बाबा, मी विहिरीत उतरते. तारे दिसले तर सगळ्या शाळेसमोर तुमची माफी मागते. नाही दिसले, तर तुम्ही राग सोडायचा."

"मले कायची माफी पायजे?" ते म्हणाले. "पण उतर. पाहूनच घे एकदाची."

काकांच्या शेतातली विहीर — साठ फूट, बाबांनीच खोदलेली. तळाला घोट्याएवढा गाळ उरला होता. बिघडलेली मोटार काढायला रफिकभाई मेकॅनिक आले होते, म्हणून तोच दिवस धरला. बाबांनी आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. खाली हवा नीट नसेल तर तो विझतो. तो छान जळत होता. मग रफिकभाई उतरले आणि त्यांच्यामागून मी, लोखंडी शिडीनं. सकाळचे सव्वादहा. ऊन अजून तळापर्यंत आलं नव्हतं.

वर पाहिलं. निळी गोल ताटली. पाच मिनिटं झाली, सात झाली...

"बाबा, काहीच नाही!" मी ओरडले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

"वरडू नको," वरून आवाज आला. "पाहात राह्य."

आणि मग ते होते. उगवले नाहीत, चमकले नाहीत — आधीपासूनच तिथे असलेली वस्तू अचानक ध्यानात यावी, तसे. तीन. पांढरे, स्थिर. मी डोळे चोळले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. मान हलवून पाहिली. डोळ्यातला ठिपका असता तर नजरेबरोबर सरकला असता. ते जागचे हलले नाहीत.

"रफिकभाई, वर बघा!"

त्यांनी पाहिलं. "क्या है ताई? आसमान है."

मोबाइलनं फोटो काढला. फोटोत नुसता निळा गोल. पुन्हा वर पाहिलं तर तिन्ही तारे तिथेच! मी पेन काढलं आणि तळहातावर तीन ठिपके मांडले. शिडी कुठल्या बाजूला आहे, तीही खूण केली. मान वर केली तेव्हा आकाश रिकामं होतं.

शिडी चढून वर आले. मूठ घट्ट मिटून घेतली. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तीन नं? दोन जवळजवळ, अन् एक जरासा अलग, शिडीच्या बाजूले."

मी मूठ उघडली. तसेच होते.

संध्याकाळी मोबाइलवर ताऱ्यांचं ॲप उघडलं. आमचं गाव, तोच दिवस, सकाळचे दहा-वीस. उजेड बाजूला केला तर त्या वेळी डोक्यावर बरोबर काय असतं, ते त्यात दिसतं. अश्विनी नक्षत्र होतं. दोन तारे जवळजवळ, तिसरा उत्तरेला अलग. विहिरीची शिडी उत्तरेच्याच भिंतीला आहे. आणि मे महिन्यात सकाळी डोक्यावरून कोणतं नक्षत्र जातं, हे मला त्याआधी ठाऊकही नव्हतं!

मग सल्ले सुरू झाले. एक सहकारी म्हणाले, खाली ऑक्सिजन कमी पडला असेल. कंदील जळत होता, सर, आणि रफिकभाई शेजारी उभं राहून बोल्ट खोलत होते. दुसरे म्हणाले, मनाचे खेळ. अहो, माझ्या मनाला तर तारे दिसायला नकोच होते! चुलत वहिनी म्हणाली, त्या विहिरीत पूर्वी कुणी बाई गेली होती, नारळ फोडा. म्हटलं, आण नारळ, चटणी करते.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझे वडील खोटं बोलत नव्हते. मी चुकले." घडलेलं सगळं सांगितलं. फोटोत काही आलं नाही, तेही सांगितलं.

मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. "विज्ञानाच्या शिक्षिका ना तुम्ही? हे काय पसरवताय?"

"सर, दिवसा तारे का दिसत नाहीत, ते मी आजही तसंच शिकवते. परीक्षेतही तेच लिहायचं. पण मी पाहिलं ते पाहिलं. नोटीस द्यायची तर लेखी द्या, मी लेखी उत्तर देईन."

नोटीस आली नाही.

त्या दिवसानंतर पाऊस लागेपर्यंत मी चार वेळा त्या विहिरीत उतरले. एकदा दुर्बीण घेऊन. काही दिसलं नाही, आणि हेही मी लपवत नाही. माझ्याकडे उत्तर नाही. "माहीत नाही" म्हणायला मी घाबरत नाही, पण म्हणून कुणाचंही वाटेल ते उत्तर गळ्यात बांधून घेणार नाही.

बाबा आता दर रविवारी येतात. परवा जेवताना विचारलं, "बाबा, मलाच का दिसले? रफिकभाईंना का नाही?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मले काऊन इचारतं, माय? मास्तरीन तू हायेस."