लांब पाय डावीकडे

मंगळवारी सकाळी जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका दुरुस्तीच्या दुकानात माझा पारा चढला... तो अजून पुरता उतरलेला नाही. फक्त आता तो दुसऱ्याच माणसावर आहे.

माझे बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि आता तिलक नगरला माझ्याकडे असतात. आयुष्यभर त्यांनी हौसेने फोटो काढले. दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो. कॅमेरा स्टँडवर लावला तरी बटण दाबताना हलतो आणि फोटो पुसट येतो. कुणाला काही न सांगता त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

यंदा बाल्कनीतल्या बोगनवेलीत बुलबुलाने घरटं केलं. तीन पिल्लं झाली आणि बाबांनी आपणहून कॅमेरा मागितला... हात न लावता फोटो काढायचा तर रिमोट हवा. सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं की हे मॉडेल बंद झालं, रिमोट मिळणार नाही, नवा कॅमेरा घ्या. उत्तम चालणारी वस्तू टाकून द्यायला सांगताना या लोकांना काहीच कसं वाटत नाही?

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे रिमोट स्वतःच करायचं ठरवलं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारा एक इन्फ्रारेड एलईडी सेकंदाला अडतीस हजार वेळा उघडमीट करायचा, तीही ठरावीक तालात. तो ताल कॅमेऱ्याने ओळखला की फोटो निघतो. चार दिवसांत सर्किट तयार झालं. शेवटी एलईडीचे दोन पाय तेवढे जोडायचे राहिले आणि नेमकं तेव्हाच घरचं सोल्डरिंग आयर्न जळालं.

पिल्लं एकदोन दिवसांत उडणार होती. म्हणून सोमवारी ते सर्किट बनवारीजींकडे दिलं. ते मूळचे जयपूरजवळच्या चौमूं गावचे, चारदीवारीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतात. बाबांना समजावण्यासाठी काढलेलं माझं चित्र सोबत दिलं. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: लांब पाय डावीकडे, आखूड पाय उजवीकडे.

दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना त्यांचा फोन आला. चित्र पुढच्या बाजूने काढलंय की मागच्या, असं काहीतरी ते विचारत होते. मी म्हटलं, "जैसा चित्र है, वैसा ही कीजिए," आणि फोन ठेवला. नीट काढलेल्या चित्रावर प्रश्न विचारलेले मला खपत नाहीत.

संध्याकाळी रिमोट घरी आणला. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं... दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबलं.

"माझ्याच्यानं नीट दाबलं जात नसेल गं," ते म्हणाले, आणि रिमोट माझ्या हातात देऊन आत गेले.

त्या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोनच्या कॅमेऱ्यातून हा प्रकाश जांभळा दिसतो. मी पाहिलं, तर एलईडी मिट्ट काळा. म्हणजे उलटा जोडलेला! कारणही क्षणात सापडलं. मराठीत 'डावा' म्हणजे लेफ्ट, हिंदीत 'दायाँ' म्हणजे राइट. या माणसाने 'डावीकडे' वाचलं, 'दाईं ओर' समजला आणि जोडून मोकळा झाला. बाबांना तसं सांगितलंही... की त्या कारागिराला वाचता येत नाही.

मंगळवारी दुकान उघडताच मी हजर. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी बनवारीजींना स्वच्छ हिंदीत ऐकवलं. अर्थ कळत नसेल तर काम घेऊ नये, तुमच्या या 'चलता है'मुळे एका म्हाताऱ्या माणसाला आपलाच हात निकामी झाला असं वाटतंय, वगैरे. बरंच बोलले.

मग त्यांनी माझा कागद काचेवर सरळ करून ठेवला. "मैडम, डावो तो हमारे गाँव में भी डावो ही है. मेरी माँ बायें हाथ को डावो हाथ ही बोलती थी. पढ़ने में गलती नहीं हुई."

त्यांनी सर्किट माझ्यासमोर धरलं आणि मग हळूच पालथं केलं. चित्र मी पुढून काढलं होतं. सोल्डरिंग मागून होतं. मागून पाहिलं की डावं ते उजवं होतं... हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, आणि चुकलं की त्यांचे गुणही कापते.

"यही पूछने को तो फ़ोन किया था," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. एलईडी काढून फिरवून लावला, स्वतःच्या फोनमधून जांभळा ठिपका दाखवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला "सॉरी" म्हणता आलं नाही.

घरी पोहोचले तेव्हा दोन पिल्लं उडून गेली होती. तिसरं काठावर बसलं होतं. बाबांनी थरथरत्या हाताने बटण दाबलं आणि कॅमेरा वाजला. ते इतके खूश झाले की पुढची दहा मिनिटं दाबतच राहिले. पिल्लाच्या पिसांचा एकेक तंतू फोटोत स्पष्ट आहे. पण त्यांना तिघांचा एकत्र फोटो हवा होता. तो मिळाला नाही, आणि तो माझ्यामुळे मिळाला नाही. चूक कुणाची होती ते बाबांना मी त्याच वेळी सांगितलं.

आज पुन्हा चारदीवारीत जाऊन आले. बनवारीजींची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला, विषय वाढवला नाही. पण ती चार गिऱ्हाइकं तिथे नव्हती... त्यांना मी कुठे शोधणार? चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच लिहिते आहे. बनवारीजी बरोबर होते. मी चुकले होते.