अनुमोदकाची सही

बाळांनो, तुमच्यातल्या थोरलीने मेलबर्नला पहिल्यांदा मत दिले आणि फोनवर सांगितले, की तिथे उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे घालतात. आपला पहिला माणूस बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जाते, वाया जात नाही. ते ऐकून मला कौतुक वाटले नाही, राग आला. ही सोय आपल्या गावात असती, तर तुमच्या आजोबांच्या अंगावर तो गुलाल पडला नसता.

आजोबा सरपंचपदाला उभे राहिले तेव्हा गाव जुन्या सरपंचाला विटले होते. दहातल्या सहा घरांना तो नको होता आणि हे त्यालाही ठाऊक होते. म्हणून त्याने प्रचार बाजूला ठेवला आणि माझ्या चुलत दिरांच्या ओट्यावर चहाला जाऊन बसला. "दादा, तुमच्याशिवाय गावाला माणूस न्हाई," एवढेच बोलला. दुसऱ्या दिवशी दिरांनी गेवराईला तहसील कचेरीत जाऊन अर्ज भरला. तो मागे घ्या म्हणून मी त्यांच्या पाया पडले. म्हणाले, "वहिनी, तुमचेच मालक कावून मागं घेत न्हाईत?"

सहा घरांची मते दोघांत फुटली. चार घरांवर तो निवडून आला.

मिरवणूक मुद्दाम आमच्या दारात थांबली. जेसीबीच्या बकेटातून ओसरीवर गुलाल ओतला. आजोबांना दमा. ते खोकत असताना सरपंच खालून हसला, "आप्पा, रंग झटका अन् घरात बसा!" आजोबा खरेच घरात बसले. पुन्हा ओसरीवर आले ते चौघांच्या खांद्यावर.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवले. धडा विसरत नाही. पुढच्या निवडणुकीला मी उभी राहिले आणि आधी सरपंचाच्या पुतण्याकडे चहाला गेले. माझाच विद्यार्थी. पुढेपुढे करायची हौस मोठी, डोके बेताचे. "तुझ्याशिवाय गावाला माणूस नाही," एवढेच बोलले. चुलत्या-पुतण्याची मते फुटली आणि मी निवडून आले. त्या दोघांची एकत्र केली तर माझ्यापेक्षा बरीच जास्त होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक गावाला मी नको होते. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

पण ज्या भगदाडातून जुना सरपंच आला त्यातूनच मी आले, आणि उद्या आणखी कोणी येईल. ते बुजवायलाच हवे. पहिल्याच ग्रामसभेत मी ठराव लिहून नेला: मतदाराला दुसरी पसंती सांगता यावी, अशी सरकारला विनंती. सूचक म्हणून चुलत दिरांचे नाव घातले. ते मान खाली घालून उठले. अनुमोदक म्हणून मी जुन्या सरपंचालाच हाक मारली.

"बाई, आसा कायदा असता तर तुमी आज त्या खुर्चीवर नसता," तो म्हणाला. सभा हसली.

"खरे आहे. आणि मागच्या वेळी तुम्ही?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांगा. ग्रामसेवकांना लिहून घ्यायचे आहे."

"नसतो आलो निवडून," तो म्हणाला.

तसेच लिहून घेतले आणि खाली त्याची सही घेतली. एका गावाच्या ठरावाने कायदा बदलत नाही, हे मला कळते. दहा गावांनी पाठवला तर निदान कोणी वाचेल. शेजारच्या गावांना मी नकला दिल्या आहेत. एक नक्कल घरी आणली, ओसरीवर आजोबांच्या जागी बसले आणि सहीपर्यंत मोठ्याने वाचून काढली.